घरच्यासारख्या मावशी आणि बुंदीचा पुडा

मैत्रिणींनो, आज मला माझीच लाज वाटून राहिली आहे.

भातकुलीला लग्न होतं. माझ्या ओवीला सांभाळणाऱ्या मंदामावशींना ‘पाचपर्यंत येते’ म्हटलं होतं. जठारपेठेत घरी पोचले तेव्हा दिवेलागण कधीच होऊन गेली होती. ओवी जेवून, खुशीत त्यांच्या कडेवर.

मावशींना वरचे पैसे द्यायचे, हे गाडीतच ठरवलं होतं. पाचशेची नोट वेगळी काढलीही होती. पण दारात वाटलं, मावशी घरच्यासारख्या, पैसे दिले तर त्यांना वाईट वाटेल. मग लग्नातला बुंदीचा पुडा त्यांच्या हातात दिला.

“हे कायले आनलं ताई?” म्हणत त्यांनी पुडा पिशवीत ठेवला. मग कमरेचा बटवा सोडून पन्नासची नोट काढली आणि ओवीच्या मुठीत दिली.

“मावशी, हे काय?”

“उद्या पोरगी पयल्यांदा मामाच्या गावाले जाऊन राहिली. तिले रिकाम्या हातानं कशी पाठवू?”

मी “नको, नको” म्हटलं, तर माझ्यावरच चिडल्या. “तुमाले थोडीच देऊन राहिली मी!”

मावशी गेल्या. माझी नोट अजून पर्समध्येच आहे.

खरं सांगा, कामाची माणसं ‘घरच्यासारखी’ आहेत, हे आपल्याला नेमकं पैसे द्यायच्या वेळीच का आठवतं?