दुसऱ्या बॅटरीत घातलेलं पाणी

मी मुळातली भित्री. पाल दिसली की खाटेवर चढणारी, विजेचं बटण पदरात बोट गुंडाळून दाबणारी. अशा बाईच्या नशिबी नवरा आला तो तंबूत राहणारा. हे सरकारी मोजणीच्या कामावर होते. पन्नास सालानंतरची ती वर्षं. कचेरी ठाण्याला, पण पावसाळा सरला की ह्यांचा मुक्काम खाडीकाठच्या गावांतून. बरोबर दोन तंबू, एक पिकअप गाडी, ड्रायव्हर, मी आणि आमचा पाच वर्षांचा मुलगा.

मुलाला दमा होता. एवढं एक वाक्य लिहितानासुद्धा माझा हात अजून थबकतो. ठाण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, धूर आणि धूळ या दोन गोष्टींपासून जपा. पण तंबूत कंदिलाशिवाय उजेड कुठला? संध्याकाळी कंदील लागला की तासाभरात त्याच्या छातीतून बारीक शीळ ऐकू यायची. मग तो उठून बसायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. मी त्याच्या पाठीला कान लावून बसायची. पुढचा श्वास येतो की नाही, एवढंच मला ऐकायचं असायचं.

ह्यांनी त्यावर तोड काढली. गाडी लढाईनंतर लष्कराने विकायला काढलेल्यांपैकी होती, पुढे दोघांची बैठक आणि मागे ताडपत्रीचं छत. त्या मागच्या भागात ह्यांनी लाकडी पेटी ठोकून तिच्यात दुसरी एक बॅटरी बसवली. इंजिनापासून तिथपर्यंत वायर ओढली. गाडी चालली की ती बॅटरी चार्ज व्हायची, आणि मुक्कामावर तिच्यावर तंबूत एक छोटा बल्ब लागायचा. गाडीची स्वतःची बॅटरी वेगळी, त्यामुळे सकाळी गाडी चालू होण्याची पंचाईत नाही. पहिल्या संध्याकाळी तो बल्ब लागला तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मुलगा आठ दिवस शांत झोपला, आणि मीही.

बॅटरीची देखभाल मात्र माझ्याकडे आली. हे दिवसभर बांधाबांधांवरून मजुरांना मोजणीच्या साखळ्या ओढायला लावत फिरायचे. जाताना सांगून जायचे, "अगं, पेटी उघडून बघत जा. आतल्या पट्ट्या कधी कोरड्या पडता कामा नयेत. बाटलीतलं पाणी घाल. आणि वायरीला हात लावू नकोस." वायरीला हात लावायची माझी काय बिशाद! पण झाकणं उघडून ठाण्याहून आणलेल्या बाटलीतलं पाणी थेंबथेंब घालायला मी शिकले.

दिवा गावाबाहेर खाडीजवळ आमचा तळ पडला तेव्हा ती बाटली संपली. आम्ही प्यायचं पाणी स्टेशनाजवळून डोक्यावर आणवायचो, दिवसाला दोन हंडे. तळाजवळ एक विहीर होती, पण तिचं पाणी मचूळ, खारट. त्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. भांडी तेवढी त्यावर घासायची. शेजारच्या गावातल्या बायका गोड्या पाण्याचा एक थेंबसुद्धा सांडू द्यायच्या नाहीत, आणि दोन आठवड्यांत मीही तशीच झाले होते.

त्या दिवशी पेटी उघडली तर पट्ट्या उघड्या पडलेल्या. हे संध्याकाळशिवाय येणार नव्हते. मी हंड्याकडे पाहिलं. गोडं पाणी कशाला दवडा, बॅटरीला थोडंच प्यायचंय, असं म्हणून मी विहिरीचं पाणी काढलं, फडक्यातून गाळून घेतलं आणि सगळी भोकं काठोकाठ भरली. शहाणपणा केल्यासारखं वाटलं. ह्यांना सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ हलला. दिव्याहून मुंब्रा, कळवा करत ठाणं ओलांडून माजिवड्याला जायचं होतं. पुढच्या बैठकीवर ड्रायव्हर, हे, आणि ह्यांच्या मांडीवर मोजणीच्या दुर्बिणीची पेटी. ती मागे आदळली तर सरकारला काय उत्तर द्यायचं? म्हणून मागे सामानात मी आणि मुलगा. रस्ता कच्चा, धुरळ्याचा. मुलाला धूळ लागू नये म्हणून ह्यांनी मागची ताडपत्री सोडली आणि बाहेरून दोरी ओवून गच्च बांधली. "आता कणभर धूळ आत येणार नाही," म्हणाले. ते खरंच होतं.

मुंब्र्याच्या अलीकडेच मला वास आला. पटकीच्या साथीत विहिरीत पांढरी पावडर टाकायचे ना, तसला उग्र वास. आधी वाटलं, कुठल्या तरी विहिरीवरून गाडी जातेय. पण गाडी पुढे जात होती आणि वास मागे पडत नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, घसा खवखवला. पेटीतून बारीक चरचर आवाज येत होता. आणि मुलगा उठून बसला. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले.

ते पेटीतून येतंय हे कळत होतं, का येतंय ते कळत नव्हतं. मी पेटीवर गोधडी टाकली. काही फरक पडला नाही. पुढची बैठक आणि आम्ही यांच्या मधल्या फळीवर मुठी मारल्या, "अहो, थांबा! अहो!" म्हणून ओरडले. इंजिनाचा आवाज, भांड्यांचा खडखडाट, आणि माझा आवाज तर खोकल्यात अडकलेला. वरवंटा घेऊन फळी बडवली. ह्यांनी तो आवाज ऐकला होता, हे पुढे मला त्यांनीच सांगितलं. त्यांना वाटलं, मी भांडी नीट बांधली नाहीत.

मुलाची शीळ आता थांबली होती. ज्यांच्या घरी दमेकरी आहे त्यांना हे सांगायला नको. शीळ असते तोवर वारा आत जात असतो. त्याचे ओठ काळसर दिसायला लागले, आणि तो माझ्याकडेसुद्धा बघेना. ताडपत्रीच्या कडेला बोटं घालून ओढलं तर करंगळीएवढी फट पडत नव्हती. बाहेर ऊन होतं, खाडीचा वारा होता, आणि माझं मूल त्या वाऱ्यापासून एका कापडाच्या अंतरावर मरत होतं. मला इतकी भीती वाटली की क्षणभर डोळे मिटून घ्यावेत असं वाटलं.

मग स्वयंपाकाची टोपली आठवली. तिच्यात विळी होती. टोपली उपडी करून मी विळी काढली, पाट दोन्ही हातांनी धरला आणि पात्याचं टोक ताडपत्रीत खुपसलं. जाड कापड, सहज कुठलं फाटणार! सगळं अंग त्यावर टाकलं तेव्हा ते टरकलं. मी खाली ओढत गेले, हातभर भोक पडलं, आणि त्यातून मुलाचं डोकं खांद्यापर्यंत बाहेर काढून धरलं.

गाडी तेव्हा कळव्याच्या पुढे मिठागरांजवळून चालली होती. मीठ ओढणाऱ्या बायका रस्त्याकडेने टोपल्या घेऊन जात होत्या. त्यांतल्या एकीला पळत्या गाडीच्या कापडातून पोराचं डोकं आलेलं दिसलं. टोपली टाकून ती गाडीमागे धावली. "आरं गारी थांबव! पोर मरतंय रं, थांबव गारी!" तिचा आवाज मात्र इंजिनापलीकडे पोचला. गाडी थांबली.

हे उतरून मागे आले. मला भोकातून दिसत होते. त्यांची नजर आधी फाटलेल्या कापडावर गेली आणि ते म्हणाले, "ही ताडपत्री कोणी फाडली?"

मग त्यांना त्या कापडातलं मूल दिसलं. ते दोरीकडे धावले, पण स्वतःच बांधलेल्या गाठी त्यांना सुटेनात. शेवटी ड्रायव्हरने आणि त्या बाईने गाठी सोडल्या. त्या बाईने मुलाला ओढून खाली घेतलं, बांधावर वाऱ्याच्या बाजूला बसवलं आणि त्याची पाठ चोळत राहिली. "घे बाला, घे, हलूहलू घे." आम्ही तिघं नुसते उभे. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्याच्या छातीतून शीळ ऐकू आली. ती शीळ ऐकून मी रस्त्यातच बसले आणि मोठ्याने रडले.

तिथेच, धुळीत बसल्या बसल्या मी ह्यांना सांगून टाकलं, की बॅटरीत विहिरीचं पाणी मीच घातलं होतं. नंतर धीर झाला नसता. हे ओरडले नाहीत. पेटीपाशी गेले, वायर उपटली आणि बॅटरी उचलून खाडीच्या चिखलात फेकून दिली. पुढे डोंबिवलीला बिऱ्हाड केल्यावर शेजारच्या एका रसायनशास्त्राच्या मास्तरांनी मला समजावलं, की खारं पाणी बॅटरीत गेलं आणि ती चार्ज होत राहिली की त्यातून विषारी वायू निघतो. मी मान हलवली. एवढं ऐकायला मला आठ वर्षं लागली होती.

मुलगा मोठा झाला, दमाही वयाबरोबर ओसरला. आता सणावाराला सगळे जमले की तो ही गोष्ट सांगतो. बॅटरी, पाणी, विळी सगळं भराभर उरकतो आणि ह्यांच्या वाक्याशी येऊन थांबतो. पोर गुदमरतंय आणि वडील विचारतात, ताडपत्री कोणी फाडली! मग सुना, नातवंडं पोट धरून हसतात. हे खाली मान घालून हसतात. एकदा मात्र सगळे पांगल्यावर मला म्हणाले, "तू कशी ग एका झटक्यात फाडलीस? मला नसतं झालं."

मी उष्टी ताटं गोळा करायला लागले. विळीचं टोक ताडपत्रीला टेकवून मी थांबले होते. मुलगा मांडीशी पडला होता, शीळ बंद झाली होती, आणि माझ्या मनात आलं होतं, ही सरकारी आहे, हे काय म्हणतील. मी विळी खाली ठेवली होती. पुन्हा एकदा फळीवर मुठी मारून पाहिल्या होत्या, पुन्हा एकदा हाक मारली होती. मग ती उचलली.