अधिकाऱ्यांसाठी आणलेला हार

त्या दसऱ्याआधी माझं देवाशी बोलणं बंद होतं. मैसुरात मंडी मोहल्ल्याजवळच्या मोठ्या रस्त्यावर, आजार बरा होणार नाही अशा मुलांसाठी एक छोटं शुश्रूषागृह आहे. निवृत्त झाल्यापासून मी तिथे गोष्टी सांगायला जाते. त्याचं सरकारी अनुदान बंद व्हायची वेळ आली होती. जो मुलांना बरं करत नाही तो अनुदान काय देणार, अशा रागात मी होते. तरी पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी झेंडूचा भला मोठा हार मीच आणला.

अधिकारी आले ते बसलेसुद्धा नाहीत. "इथून मुलं बरी होऊन घरी जातात का?"

"नाही, सर," आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "आम्ही त्यांचं दुखणं थांबवतो."

"मग वर काय लिहू मी?"

हार हातात धरून मी तशीच उभी राहिले.

तेवढ्यात शांभवीने हाक मारली, "अज्जी, आने बंतु." हत्ती आले होते, दसऱ्याच्या मिरवणुकीच्या तालमीचे. शांभवी नऊ वर्षांची. वेदनेमुळे तिला मानही उचलवत नसे. नव्या औषधाने नुकती बसू लागली होती. तिची चाकांची खुर्ची आम्ही फाटकाशी नेली. मागोमाग सगळे आले, अधिकारीही.

एक हत्ती थेट आमच्यासमोर थांबला. माहूत ओरडत असतानाच त्याने सोंड पुढे केली, माझ्या हातातला हार शांतपणे घेतला आणि खाऊन टाकला.

शांभवी अधिकाऱ्यांकडे वळून गंभीरपणे म्हणाली, "सार, तुमच्याहून मोठे साहेब येऊन गेले."

आणि ती हसत सुटली. अधिकारीही हसले. मग हळूच त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं, "हिला आत्ता दुखत नाही?"

"आज नाही."

मग आत येऊन त्यांनी खुर्ची मागितली, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत एकेका मुलाबद्दल विचारत बसले.

अनुदान चालू राहिलं. गणपती आला होता असं मी म्हणत नाही. तो हत्ती वाटेत काहीही खातो, असं माहूतच सांगत होता. पण त्या रात्री मी देवापुढे दिवा लावला.

शांभवी दिवाळीनंतर गेली, आईच्या कुशीत, न कण्हता. मुलं किती दिवस राहतील हे आता मी विचारत नाही. आजची सकाळ त्यांना दुखल्याविना जाऊ दे, एवढंच मागते आणि कामाला लागते.