पायलटचं ताट वेगळं

"थांबा! दोघंजण एकच भाजी खाऊन राह्यले तुम्ही! उचला ते ताट!"

माझी मोठी बहीण ओरडली आणि आलापल्लीच्या पुढच्या एका फाट्यावरचं ते कुडाचं हॉटेल एका दमात गप्प झालं. ड्रायव्हरचा घास तोंडापासून चार बोटांवर थांबला. कंडक्टरचा आत गेला होता. गिळावा की थुंकावा हे न कळून त्याने तो गालात धरून ठेवला. माश्यासुद्धा, शपथेवर सांगतो, क्षणभर हवेत थांबल्या. त्या हॉटेलातल्या माश्या साध्या नव्हत्या. दोघी मिळून भजं उचलून नेत.

ड्रायव्हर-कंडक्टर ही जोडी नऊ वर्षं एकाच बसवर होती आणि नऊ वर्षं एकाच ताटात जेवत होती. मोठं पितळी ताट, मध्ये भाताचा डोंगर, उतारावर वांग्याची भाजी. एकाने पूर्वेकडून खायचं, दुसऱ्याने पश्चिमेकडून, आणि शेवटचा घास कोणाचा यावरून रोज भांडायचं. सगळ्या मार्गाला हे माहीत होतं. या ताटावर कोणी आजवर हरकत घेतली नव्हती. पण माझी बहीण हवाई सुंदरी होती.

एटापल्लीसारख्या गावातून हवाई सुंदरी निघते यावर आमच्या वडिलांचाही सहा महिने विश्वास बसला नव्हता. वडील तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर. मूळ आम्ही पोंभुर्ण्याकडचे. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि तेव्हापासून घरात एकच मंत्र, शिका. त्या मंत्राच्या जोरावर ताई नागपूरच्या वसतिगृहात शिकली आणि तिथून थेट विमानात चढली. गावात बातमी पोचली तेव्हा पाटलांनी वडिलांना विचारलं, "उभी राहून जाते म्हणता विमानात? बसायले जागा नाई देत काय पोरीले?"

ती पहिल्यांदा आठ दिवसांच्या सुट्टीवर आली आणि आमचं घर विमान झालं. आईने चुलीपुढे बसताना केस फडक्यात बांधायचे. भाजीची चव तळहातावर घेऊन बघायची नाही. पाणी उकळून, गाळून, झाकून. आई म्हणाली, "बाप्पा, एवढं धुतलं तर हातावरच्या रेषा निघून जातीन." तिसऱ्या दिवशी ताईने सर्वांत मोठा नियम काढला. विमानात पायलट आणि को-पायलट यांना एकच जेवण कधी देत नाहीत. एकाचं अन्न बिघडलं तरी दुसरा शाबूत राहतो आणि विमान खाली उतरवतो. म्हणून आजपासून आईला एक भाजी, वडिलांना दुसरी.

आई पळी हातात घेऊन म्हणाली, "तीस वर्षं एकच भाजी खाऊन राह्यलो आम्ही. घर पडलं काय खाली?"

ताई हसली. तो दुसरा नियम. प्रवाशांसमोर क्रूने गोंधळायचं नाही. आग लागली तरी चेहरा बर्फीसारखा ठेवायचा. हे हसू ती आठ दिवस आमच्यावर चालवत होती. ती बोलायचीही मुंबईच्या मराठीत. पण खरोखर रागाला आली की मुंबईची मराठी गळून पडायची आणि आमची भाषा बाहेर यायची. हॉटेलात तेच झालं होतं.

आता तिला पोचवायला मी निघालो होतो. मी तेव्हा प्राथमिक शाळेत गुरुजी, मे महिन्याची सुट्टी, आणि बहिणीच्या विमानाचा गर्व माझ्या अंगात मावत नव्हता. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण आमच्या बसला ते कोणी सांगितलं नव्हतं. ती जुन्याच चालीने चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, निघालेली. संध्याकाळी चांद्याहून नागपूरची बस, आणि सकाळी साडेसहाला ताईने विमानतळावर हजर व्हायचं. उशिरा आल्याबद्दल तिला एक मेमो आधीच मिळाला होता. नोकरी अजून कच्ची होती. दुसरा मेमो म्हणजे घरी परत, आणि घरी परत म्हणजे पाटील पुन्हा विचारणार, "शेवटी बसायले जागा भेटलीच नाई ना?"

एटापल्ली सुटल्यापासून मी हे सगळं बसला सांगत होतो. मेमोचा भाग सोडून. विमान तीच उडवते असं मी प्रत्यक्ष म्हणालो नव्हतो, पण कोणाचा तसा समज झाला तर मी आडही आलो नव्हतो. त्यामुळे ती हॉटेलात ओरडली तेव्हा सारी बस ताटं घेऊन आमच्याभोवती उभी राहिली.

"काऊन जी म्याडम?" ड्रायव्हर म्हणाला. "काय झालं भाजीले?"

ताईने हसू पुन्हा चढवलं आणि समजावलं. ड्रायव्हरभाऊ म्हणजे पायलट. कंडक्टरभाऊ म्हणजे को-पायलट. चाळीस जिवांची जबाबदारी. दोघांनी एकच अन्न खाणं म्हणजे चाळीस जिवांशी खेळ.

पायलट हा शब्द ड्रायव्हरच्या कानात शिरला आणि त्याची छाती माझ्या डोळ्यांदेखत दोन इंच फुगली. खाकी शर्टाचं एक बटण उडून वरणात पडलं. कंडक्टरने गालातला घास गिळला आणि टोपी सरळ केली.

"बराबर हाये," एक म्हातारे प्रवासी म्हणाले. "पायलटचं ताट वेगळंच पाहिजे."

अडचण हॉटेलवाल्या बाईंकडे होती. त्या सिरोंच्याकडच्या, अर्ध्या तेलुगू. "ओकटे कूरा!" त्या कढईवर पळी आपटत ओरडल्या. "एकच भाजी! पंधरा वर्सं झाले, एकच भाजी! तुले दुसरी पाहिजे तर विमानातून आण!"

"माझ्याजवळ आहे," ताई म्हणाली आणि माझ्याकडे हात केला. "डबा."

डबा म्हणजे आईने पहाटे केलेली बरबटीची, म्हणजे चवळीची, उसळ. केस बांधून, तीनदा हात धुऊन, चव न बघता केलेली. ताईने ती वाफाळतीच डब्यात भरून झाकण ठोकून बंद केलं होतं, माशी काय, वारासुद्धा शिरू नये म्हणून. बस सुटताना तिने बजावलं होतं, "स्वच्छ जागी ठेव." बसमध्ये स्वच्छ जागा शोधणं सोपं नव्हतं. टपावर कोंबड्या होत्या, बाकांखाली मोहफुलांची पोती होती, पोत्यांवर एक शेळी होती. रिकामी जागा एकच. ड्रायव्हरशेजारचं इंजिनाचं बोनेट. मी डबा तिथे ठेवला. मे महिन्यात त्या बोनेटवर चपाती टाकली असती तर फुगून टपाला लागली असती. डबा तिथे पाच तास होता.

मी डबा आणून दिला. फडक्यात गुंडाळून. फडकं का, हे मी बोललो नाही.

ताईने झाकण उघडलं. हलकासा फस् असा आवाज झाला. तिने वळून ड्रायव्हरच्या ताटात उसळ वाढली, अशी डावीकडून, किंचित वाकून, की बसमधल्या बायका "अगंबाई" म्हणाल्या. कंडक्टरपुढे वेगळ्या ताटात वांग्याची भाजी सरकवली. नऊ वर्षांनी पहिल्यांदा दोघांमध्ये दोन ताटं आली.

ड्रायव्हरने पहिला घास घेतला. "थोडी आंबट लागते म्याडम."

"लिंबू आहे," मी म्हणालो. घाईने म्हणालो.

पायलटने सगळी उसळ संपवली. बोटं चाटली. कंडक्टर परक्या ताटातली वांगी एकट्याने खात त्याच्याकडे बघत होता, बायको माहेरी गेलेल्या माणसासारखा.

बस निघाली. तासाभराने, दोन्हीकडे सागवान आणि माणसाचा पत्ता नाही अशा ठिकाणी, ड्रायव्हरने ब्रेक दाबला, पाण्याचा डबा उचलला आणि पळसाच्या झुडपांमागे पळाला. पंधरा मिनिटांनी आला. स्टिअरिंगला हात लावला आणि पुन्हा पळाला. पाचव्या खेपेनंतर तो बसपर्यंत आलाच नाही. मोहाच्या झाडाखाली आडवा झाला आणि हात हलवून म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे."

ताईने घड्याळ पाहिलं. चांद्याची संध्याकाळची बस गेली तर विमानतळ गेला, आणि विमानतळ गेला तर नोकरी गेली. तिचा चेहरा मात्र बर्फीच. ती शांतपणे कंडक्टरकडे वळली.

"भाऊ, याच्यासाठीच तुम्हाला वेगळं जेवण दिलं होतं. आता तुम्ही चालवा."

कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं, मग बसकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"म्याडम, मी तिकिटं फाडतो. मले सायकल बी येत नाई."

चाळीस माणसं आणि एक शेळी एकदम आमच्याकडे वळली. विमानात दोघेही उडवणारे असतात, बसमध्ये चालवणारा एकच असतो, एवढी साधी गोष्ट आमच्या घरातल्या दोन शिकलेल्या माणसांच्या लक्षात आली नव्हती. दोघांनी नेहमीसारखी एका ताटातली वांगी खाल्ली असती तर दोघेही ठणठणीत राहिले असते.

त्यानंतर ताईने जे केलं ते मात्र कंपाउंडरच्या मुलीचं होतं. स्वतःच्या बाटलीतल्या उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर कालवून ती ड्रायव्हरच्या उशाशी बसली आणि तासभर घोट घोट पाजत राहिली. "थोडं घ्या भाऊ. आणखी थोडं." हसू नव्हतं. मुंबईची मराठीही नव्हती. तिने नोकरीचा एक शब्द काढला नाही. काढला तो कंडक्टरने. माझी बडबड सकाळपासून तोच सर्वांत जवळून ऐकत होता. त्याने मला बाजूला घेऊन खरं किती ते विचारलं. मी मेमोसकट सांगितलं. त्याने जाऊन ड्रायव्हरच्या कानात सांगितलं.

ड्रायव्हर उठला. भुतासारखा दिसत होता, पण उठला. "पायलट हाये मी," तो म्हणाला, "बसा सारे."

चांद्यापर्यंत आम्ही सतरा वेळा थांबलो. एरवी घंटी कंडक्टर मारतो. त्या दिवशी ड्रायव्हरचं पोट मारत होतं. आणि मधल्या वेळात त्याने बस अशी हाणली की टपावरच्या कोंबड्यांना आपण उडतो असं वाटलं असावं. नागपूरची बस स्टँडातून निघत होती. कंडक्टर आमच्या चालत्या बसमधून उडी मारून तिच्यापुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला. ताई सकाळी साडेसहाला दहा मिनिटं कमी असताना हजर झाली, साडीला एक सुरकुती नाही. दुसरा मेमो निघाला नाही. नोकरी पक्की झाली.

बोनेटची गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. दोष आईच्या उसळीवर गेला, आणि आईने तो विमानाच्या नियमावर ढकलला. पुढच्या मे महिन्यात ताई पुन्हा आली. त्याच बसने आम्ही निघालो, त्याच हॉटेलात उतरलो. ती जोडी एका ताटात, पूर्व-पश्चिम, वांगी खात होती. ताईनेही मुकाट्याने तीच भाजी मागवली. माझ्याने राहवेना. भात कालवता कालवता मी कबुली दिली, की डबा मी पाच तास बोनेटवर ठेवला होता आणि उसळीत लिंबू नव्हतं.

ताईने घास गिळला.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "झाकण उघडलं तेव्हाच वास आला होता. पण सारी बस पाहून राह्यली होती."