आधी सलाम, मग झडती

तेव्हा मी जालन्यात एका सरकारी कार्यालयात अधिकारी म्हणून रुजू होऊन वर्ष झालं होतं. माहेर परतूरचं, आणि आमच्या घराण्यात खुर्चीवर बसणारी मी पहिलीच. बँकेत गेलं की मॅनेजर उठून उभा राहायचा. दवाखान्यात नंबर लावावा लागायचा नाही. देवळात पुजारी बाजूच्या दारानं आत घ्यायचा. सुरुवातीला मला संकोच वाटे. पुढे तो कधी गेला, ते कळलंच नाही.

त्या वर्षी प्रशिक्षणासाठी दिल्लीला जायचं निघालं. विमानतळ शेजारच्या जिल्ह्यात. बदनापूर मागे पडल्यावर मी ड्रायव्हरला विचारलं, वेळेत पोहोचू ना. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कोण अडवून राह्यलंय? सायबांनी कालच फोन करून ठेवलाय. बिलकुल काळजी करू नका." मीही केली नाही.

सुरक्षा तपासणीपाशी बायकांची आठ-दहा जणींची रांग होती. मी रांगेच्या बाजूनं सरळ पुढे गेले आणि ओळखपत्र समोर धरलं. तपासणीला उभी असलेली सुरक्षा दलातली मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची असेल. तिनं कार्ड नीट वाचलं, परत दिलं आणि रांगेकडे हात केला. मी पद सांगितलं, जिल्हा सांगितला, फोन आला असेल म्हणाले. ज्यांना तपासणी माफ आहे त्यांची यादी भिंतीवर लावली आहे, असं ती म्हणाली. यादीत राष्ट्रपतींपासून सुरुवात होती. माझं पद त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता.

"बराबर आहे मॅडम तुमचं," ती हळू आवाजात म्हणाली, "पण मला सोडता येत न्हाई."

बोलीवरून ती आमच्याच भागातली निघाली, याचा मला जास्तच राग आला. मी बाजूला होऊन वरिष्ठांना फोन लावला. ते म्हणाले, थांबा, बघतो. मी मोबाइल हातात धरून उभी राहिले. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

तेवढ्यात तिथले सगळे जवान एकदम ताठ झाले. मला वाटलं, मागून कोणी मंत्री आला. पण मागे कोणीच नव्हतं. रांगेतच, तान्हं मूल घेतलेल्या एका बाईच्या मागे, पन्नाशीची एक बाई उभी होती. साधा सुती पंजाबी ड्रेस, खांद्याला कापडी पिशवी. तिचा नंबर आला तशी त्या मुलीनं टाचा जुळवून तिला कडक सलाम ठोकला. बाईंनी मान लववली, पिशवी ट्रेमध्ये ठेवली आणि लाकडी पाटावर चढून दोन्ही हात पसरले.

मुलीनं त्यांची झडती घेतली, आणि तीही उरकायची म्हणून नाही. खांदे, कंबर, पाठ, केसांचा अंबाडासुद्धा. मग सँडल काढायला सांगितल्या. बाई वाकल्या, बंद सोडले आणि अनवाणी उभ्या राहिल्या. दोघींपैकी कोणीही हसलं नाही की ओशाळलं नाही. झडती संपल्यावर मुलगी एक पाऊल मागे सरली आणि तिनं पुन्हा सलाम केला.

सलाम मी रोज घेत होते. पण माणसाला सलाम करायचा आणि त्याची झडतीही घ्यायची, आणि त्यात दोघांचाही मान तसूभर कमी होत नाही, हे मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

फोन वाजला. वरिष्ठांचाच होता. मी त्यांना सांगितलं, राहू द्या सर, होतंय काम. मग रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.

पाटावर चढल्यावर मी त्या मुलीला विचारलं, त्या बाई कोण होत्या.

"आमच्या मोठ्या साहेब. सुट्टीवर चालल्यात."

"त्यांनाही तपासतेस?"

तिचे हात माझ्या बाहीवरून सरकत होते. ते थांबले नाहीत. "न्हाई तपासलं असतं, तर मंग त्यांनीच मला ड्युटीवरून काढलं असतं," ती म्हणाली आणि मला वळायला सांगितलं.

त्या दिवसापासून मी पार बदलले, असं सांगितलं तर खोटं होईल. पुढे आई आजारी पडली, तेव्हा दवाखान्यात मी ओळख सांगून पुढे गेले, आणि पुन्हा वेळ आली तर कदाचित जाईनही. पण एका निवडणुकीत मतमोजणीच्या केंद्रावर माझी नेमणूक झाली. फाटकावरची महिला पोलीस मला बघून बाजूला झाली. मी थांबले, पर्स उघडून तिच्यासमोर धरली आणि हात पसरले. ती गोंधळून म्हणाली, "मॅडम, तुमची झडती काहून?" मी हात तसेच पसरून ठेवले. तिनं बिचकत माझ्या खांद्याला हात लावला. माझ्यामागे उमेदवारांचे प्रतिनिधी उभे होते. ते एकेक करून खिसे रिकामे करायला लागले.