पाच नंबरवरचं बोलकं कार्ड

आधीच सांगते, मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय. आमच्याकडे कुणी भुताखेताच्या गोष्टी काढल्या की मी उठून आत जायचे. अजूनही जाते! पण नव्वदच्या दशकात भिवंडीला, टेमघरच्या आमच्या घरात जे झालं, ते माझ्याबरोबर आणखी तिघांनी ऐकलंय... म्हणून लिहितेय.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. आवाज असा खणखणीत, की रस्त्यावरून हाक मारली तरी वर स्वयंपाकघरात ऐकू यायची. घशाच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागलं आणि तो आवाज गेला. सुरुवातीला ते पाटीवर लिहून बोलायचे. मग तेही कमी झालं. आमटीत मीठ नसलं तरी मुकाट्याने जेवायचे... ते बघवायचं नाही.

माझ्याकडे ऐंशीच्या दशकातला एक सेकंडहँड कॉम्प्युटर होता. त्यावर मी पॉवरलूमवाल्यांची टायपिंगची कामं करायचे. अमेरिकेतल्या मामेभावाने त्यासाठी एक कार्ड पाठवलं — मशीनच्या आत बसवायचं, कीबोर्डवर शब्द टाइप करायचा आणि कार्डाला जोडलेला स्पीकर तो शब्द बोलणार! मी नाचायचीच बाकी होते.

पण कार्ड बसवलं की मशीन हँग. काढलं की ठणठणीत!

शेवटी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या अस्लमभाईंना बोलावलं. शुक्रवार होता, लूमची सुट्टी, त्यामुळे गल्लीत चिडीचूप. त्यांनी झाकण उघडून बघितलं. "ताई, ये कार्ड लोगों का आपस में झगडा है. प्रत्येकाला आपला नंबर लागतो. दोघं एकाच नंबरवर बसले की मशीन अटकतं."

नंबर बदलायला कार्डावर नखाएवढी प्लास्टिकची टोपी होती, तिला जम्पर म्हणतात. नंबर तीनच होते — तीन, पाच आणि सात. तीनवर बघितलं, हँग. सातवर प्रिंटर होता. त्याचं कार्ड काढून बघितलं, तरी हँग!

"मग पाच?" मी विचारलं.

"पाच को हाथ मत लगाना! त्यावर हार्ड डिस्क आहे. सगळं काम उडेल तुमचं."

बाबा शेजारी खुर्चीत बसून सगळं बघत होते. अस्लमभाईंनी मशीनचा प्लग काढला, कार्ड बाहेर काढून टेबलावर पेपर पसरून ठेवलं. स्पीकरची वायर कार्डालाच लटकत होती. वीज नाही, बॅटरी नाही. "वापस भेज दो," ते म्हणाले. बाबांची मान खाली गेली.

आणि स्पीकर बोलला.

"सुमे, पाचावर लाव!"

तोच खणखणीत आवाज! बाबांचा! सुमे म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो! तुम्ही बोललात?" बाबा खुर्चीचे हात घट्ट धरून स्पीकरकडे बघत होते. अस्लमभाईंनी बाबांचा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते — "किसने बोला? कौन है?"

मला भीती नाही वाटली. खरं सांगते, अंगात वारं भरल्यासारखं झालं! अस्लमभाई "अरे ताई, ताई!" करत राहिले, तोवर मी जम्पर पाचावर बसवला, कार्ड आत ढकललं, स्विच दाबला.

मशीन चालू झालं. हार्ड डिस्क शाबूत. बाबांनी पुढे सरकून एका बोटाने टाइप केलं, CHAHA. स्पीकर परक्या, पत्र्यासारख्या आवाजात म्हणाला, "चॅ-हा!" आम्ही इतके हसलो की आई हसता हसता रडायलाच लागली. त्यानंतर बाबा शिकवण्यासुद्धा घ्यायला लागले. मुलं त्या मशीनची नक्कल करायची आणि बाबांना त्याचाच आनंद!

स्पीकर कधीकधी रेडिओ पकडतो, हे मलाही ठाऊक आहे. पण रेडिओ मला सुमे म्हणेल? अस्लमभाईंनी नंतर पुन्हा सगळं उघडून तपासलं. हार्ड डिस्क पाचावरच होती, कार्डही पाचावरच. "चलना ही नहीं चाहिए," एवढंच म्हणाले. तो आवाज पुन्हा कधी आला नाही. याचा उलगडा मला आजही झालेला नाही.

बरेच दिवस मी अशा समजुतीत होते, की बाबांच्या मनातलं आम्हाला कसं कोण जाणे ऐकू आलं. एकदा धीर करून विचारलंच. "बाबा, त्या दिवशी तुमच्या मनात पाच होतं ना?"

त्यांनी मान हलवली, नाही. मग कीबोर्ड जवळ ओढला आणि मशीन सावकाश बोललं —

"मी... पुन्हा... सात... म्हणणार होतो."