बर्गंडीतलं तळघर

परवा माझ्या मुलानं, निनादनं, पहिल्या नोकरीच्या आनंदात सिंगापूरमधल्या पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये रेड वाइनची बाटली उघडली. तो आंबूस, ओलसर वास नाकात गेला आणि मी फ्रान्समधल्या बर्गंडीतल्या वाइनच्या एका तळघरात जाऊन उभी राहिले.

निनाद तेव्हा सात वर्षांचा होता. पॅरिसहून भाड्याची गाडी घेऊन आम्ही तिघं व्हिएन्नापर्यंत जायला निघालो होतो. बाहेर ऊन आणि द्राक्षांचे मळे होते, आत दगडी गारवा आणि लाकडी पिंपांच्या रांगा. तिथल्या बाईंनी आमच्या हातात ग्लास दिले. माझ्या नवऱ्यानं, शेखरनं, ग्लास पुन्हा पुन्हा हुंगला.

"मला वासच येत नाहीये गं."

"गाडीतल्या एसीनं सर्दी झाली असेल," मी म्हणाले.

"बाबा ओल्ड ऑलरेडी लाह," निनाद शाळेत उचललेल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, आणि आम्ही तिघंही खूप हसलो.

ती सर्दी नव्हती. सिंगापूरला परतल्यावर काही महिन्यांनी मेंदूतली गाठ सापडली, तोवर ती फार वाढली होती. ऑपरेशननंतर शेखर घरी आला, पण आम्हाला ओळखेना. पुढे त्यातच गेला. ते हसणं आता आठवलं की कानांवर हात ठेवावेसे वाटतात.

"आई, डॅन्यूबकाठचा किल्ला आठवतो? बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं," ग्लास भरता भरता निनादनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

मला कुठलाच किल्ला आठवत नाही. त्या प्रवासातलं बाकी सगळं शेखरच्या त्या एका वाक्यानं गिळून टाकलंय.