तात्यांच्या फळ्यावरची पाचवी गाडी

फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. बारामतीलगतच्या जळोचीहून तात्यांच्या शेजारच्या शोभाकाकू बोलत होत्या. "सागरभाऊ, तात्या गेलं वो... सकाळी चहा घिऊन गेले, तर खुर्चीतच मान टाकल्याली." मग म्हणाल्या, "तुमचं ते मशीन चालूच हुतं." या गोष्टीला दीड महिना झाला. बाकीचं सगळं हळूहळू पुसट होतंय, हे एक वाक्य होत नाही.

तात्या माझे सख्खे चुलते. आमचं घर निमगाव केतकीला. बारामतीच्या कॉलेजात शिकायला मी त्यांच्याकडे राहिलो, एक-दोन नाही, पाच वर्षं. काकू लवकर गेलेल्या, मूलबाळ नाही. दोन खोल्यांत आम्ही दोघं, आणि भाजी आळीपाळीनं बिघडवायची. तात्या बारामती स्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी लागली, कोणती यायचीय, हे फळ्यावर खडूनं लिहायचं आणि भोंग्यावरून पुकारायचं, हे त्यांचं काम. शनिवारी मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसे. एकदा इंदापूरची गाडी चार तास आली नाही. लोक खवळले. सोबतचा माणूस म्हणाला, "तात्या, रद्द लिहून मोकळं व्हा." तात्यांनी फळ्यावर 'उशिरा' लिहिलं आणि म्हणाले, "रद्द लिवलं की मानसं घरी जात्यात. आन् मग गाडी आली तर? खात्री झाल्याबिगर रद्द लिवायचं न्हाय." गाडी आली. त्याच गाडीनं मी गावी गेलो.

भोंगा आणि डिझेल इंजिनं यांत उभा जन्म गेल्यामुळे निवृत्तीपर्यंत तात्यांचे कान पार गेले. मी पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला लागलो होतो. फोन केला तर ते "व्हय, व्हय" म्हणत आणि भलतंच उत्तर देत. पत्र लिहायचा मला कंटाळा. मग यंदा मी माझा जुना कॉम्प्युटर त्यांना नेऊन दिला आणि फोनच्या तारेला जोडला. "फोन आता ह्यालाच ऐकू येतो, मला न्हाय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी एका वेबसाइटवर अधूनमधून माझी खबरबात लिहीत असे, इंग्रजी अक्षरांत मराठी. तात्या रोज ती उघडून बघत, नवीन काही नसे, हिरमुसत. त्याच सुमारास 'फीड' नावाची नवी सोय निघाली होती. आवडत्या वेबसाइटवर नवं काही आलं, की त्याचा मथळा आपल्याकडच्या एका यादीत आपोआप येऊन बसतो. अजून ही सोय फार थोडे जण देतात. तात्यांना रुचतील अशा चार वेबसाइट मी शोधल्या: हवामान, क्रिकेट, आकाशातले तारे आणि जुनी रेल्वे इंजिनं. पाचवी माझी.

मी समजावून सांगायला अर्धा तास घेतला. त्यांनी एका वाक्यात उरकलं. "म्हंजी प्रवाशानं गाडी हुडकत फिरायचं न्हाय. फलाटाला लागली की कळतं. मंग हे तर माझंच काम की!" दुसऱ्या दिवशी भिंतीवर फळा आला. पाच नावं, पुढे मथळा आल्याची वेळ. रोज सकाळी फळा पुसायचा आणि नव्यानं भरायचा. मला हसू यायचं, बरंही वाटायचं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटायचं. आता माझी खबर त्यांना यंत्र देणार होतं, मला जायला नको.

पुण्याहून बारामती काही सातासमुद्रापार नाही. तरी मी गेलो नाही. मग लिहिणंही थांबलं. एक पोस्टकार्ड आलं, थेट एसटीच्या भाषेत: 'आपली गाडी तीन आठवडे फलाटास लागलेली नाही. मार्गात बिघाड असल्यास कळवावे.' मी ते ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं आणि खणात टाकलं. दुसरं कार्ड आल्यावर मात्र लाज वाटली. पण लिहायला वेळ कुठला? मी नुसता एक मथळा तयार केला, 'नवीन मजकूर', आणि आत कोरं पान ठेवलं. तेवढंच म्हाताऱ्याला समाधान... असं मी खरोखर मनात म्हणालो. चौथ्या दिवशी उत्तर आलं: 'गाडी रिकामी आली. हरकत नाही. गाडी आली.' त्यावर मी काही केलं नाही. दोन आठवड्यांनी शोभाकाकूंचा फोन आला.

सगळं आटोपल्यावर गेल्या रविवारी एकटाच जळोचीला गेलो. फळा तसाच होता. चार नावांपुढे त्या सकाळच्या वेळा, आणि शेवटी, 'सागर – उशिरा'. शोभाकाकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "रोज समदा फळा पुसायचं, तुमची वळ तेवढी न्हाय. मी म्हनलं, तात्या, आता रद्द लिवा की. तर मलाच म्हनलं, 'रिकामी का हुईना, गाडी सुटलीय. रद्द कसं लिवू?'" त्या गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि रडलो.

मग त्यांच्या खुर्चीत बसून इथपर्यंतचा हा लेख लिहिला. वर्तमानपत्राच्या पुरवणीला देण्याआधी माझ्या वेबसाइटवर टाकला. थोड्या वेळानं तात्यांच्या यादीत, सगळ्यात वर, मथळा येऊन बसला. गाडी भरलेली होती, आणि स्टँडवर कोणी नव्हतं. मी उठून घड्याळ बघितलं, खडू घेतला, माझ्या नावापुढे वेळ लिहिली. शेजारचा 'उशिरा' मात्र पुसला नाही.